अण्णाजींचं खातं

अण्णाजी हसले, तिथून हे सुरू झालं. सकाळचा टाइम. मी सर्व्हरच्या खोलीचं कुलूप काढून राह्यलो होतो आन् मागच्या डिस्पॅचच्या खोलीतून त्यांचं हसणं आलं, मोठं, छातीतलं. रिटायर झाल्यापासून हा माणूस असा हसलाच नवता. रोज बोरगाव मेघेवरून यायचे, जुन्या कंप्यूटरसमोर बसायचे, आपलं मेलचं खातं उघडायचे, ते रिकामं पाहायचे, चहा घ्यायचे आन् जायचे. रिकाम्या खात्याकडे पाह्याची त्यांची एक तऱ्हा होती. चष्मा पुसून पाहायचे, जसं काही काचेवरच्या धुळीमुळं मेल दिसत नसन. आन् आज हसून राह्यले. "प्रेमदास, इकडे ये रे. पाह्य. माह्याच नावानं किती आले." मी गेलो. पडदा भरून गेलता. खाली सरकवत गेलं तं खाली अजून. बंदे, सारेच्या सारे, एकाच्याच नावानं, मेलर डीमन. अण्णाजी म्हणले, "हा डीमन साहेब कोण हाय गा? साउथकडचा वाटते. रातभर लिवत बसला बिचारा. काही कापसाच्या गाठींचं काम असन. नवीन पोट्ट्यायले विचारून समाधान झालं नसन, म्हणून मले लिवलं." एकही मेल त्यायनं उघडून पाह्यला नवता. म्हणले, घाई कायची, चहा होऊ दे, मंग एकेक वाचीन.

डीमन काही साहेब नाई. डीमन म्हणजे पोस्टातल्या खिडकीवरचं मशीन समजा. तुम्ही टाकलेलं पत्र पोचलं नाई का ते मशीन तुमचंच पत्र तुमच्या तोंडावर वापस फेकते. म्हणजे अण्णाजींच्या नावानं कोणीतरी रातभर पत्रं टाकली होती, हजारानं, आन् जितक्यायनं घेतली नाई तितकी वापस येऊन पडली होती. मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून एक उघडलं आन् लगेच बंद केलं. बाईचा फोटो होता. खाली मर्दानगीच्या गोळ्या. अण्णाजी चष्मा पुसून राह्यले होते, त्यायनं पाह्यलं नाई. मी म्हणलं, "अण्णाजी, आज मशीनचं काम काढलं हाय. लाइन बंद करा लागते." ते म्हणले, "कर ना मंग. पन माहे मेल पुसू नको बरं. उद्या येतो वाचाले." आन् गेले. चालीत फरक होता. खांदे वर.

हे अण्णाजी कोण, ते सांगतो. आमची जिनिंग-प्रेसिंगची कंपनी, वर्ध्यापासून हिंगणघाटकडे जाताना रस्त्यावरच. कापूस येते, सरकी निघते, रुईच्या गाठी बांधून दूर दूरच्या गिरण्यायले जाते. त्या गिरण्यायले जेवढी पत्रं गेली तेवढी अण्णाजींनी लिवली. इंग्रजी असं का वाचणारा उठून उभा राह्यला पाह्यजे. मोठ्या मालकानं काही चिडून सांगतलं का अण्णाजी त्याचं असं गोड पत्र करायचे, का शिवी बी नमस्कारासारखी वाटे. खाली सही मालकाची, पन गिरणीवाले फोनवर विचारत, पत्र अण्णाजींनी लिवलं ना, मंग ठीक हाय. मी आंजीचा, मोठ्या आंजीचा, नववी नापास. फिटरच्या हाताखाली पाने देत होतो. कंप्यूटर आले तव्हा नागपूरवरून इंजिनेर यायचा, त्याच्यासाठी टॉर्च धरून उभा राहायचो. तो काय दाबते, कोणत्या रंगाची वायर कुठी खुपसते, पाहून ठेवायचो. मंग इंजिनेरनं येणं सोडलं आन् टॉर्च धरणारा उरला. इंग्रजी मले वाचता येत नाई, पन इंग्रजीचा चेहरा ओळखू येते. कोणती ओळ रागाची, कोणती नुसतं पुसून राह्यली, कोणती नाई म्हणून राह्यली. हे बी अण्णाजींनीच शिकवलं. त्यांच्या बाजूले स्टूल टाकून बसवलं. आमच्या वस्तीतल्या पोट्ट्याले त्या काळी ऑफिसात स्टूल भेटणं म्हणजे काय, ते ज्याले माहीत हाय त्याले माहीत हाय. आता तुम्ही म्हणाल मोठा देवमाणूस. नाई गा. खवचट माणूस. माह्या चुका बंद्यायसमोर वाचून दाखवायचे आन् वरून म्हणायचे, प्रेमदासनं आज नवीनच भाषा काढली. पन स्टूल त्यायनं टाकलं होतं.

सर्व्हरची खोली म्हणजे पह्यले कापसाचे नमुने ठेवायची खोली. अजून बी तिथं सरकीचा तेलकट वास येते. एसी घरघरते. किती बी दार लावा, रुईचा भुरका अंदर घुसतेच, पंख्यावर बसते, मी दाढीच्या ब्रशनं झाडतो. त्या दिवशी मी तिथं बसलो आन् मशीनची नोंद उघडली, कोणाचं पत्र कधी गेलं त्याच्या ओळी. ओळी थांबतच नवत्या. पाण्याच्या धारीसारख्या वाहून राह्यल्या होत्या, आन् दर ओळीत अण्णाजींचं नाव. अण्णाजी बसमध्ये बसले असन, खिडकीशी, खांदे वर करून, आन् इकडे त्यांचं नाव दुनियाभर दारोदार फिरून राह्यलं होतं, हातात ते फोटो घेऊन. मी पह्यले खात्याचं कुलूप बदललं. धार थांबली. आन् मंग, हात रिकामा झाल्यावर, मले ते जुनं कुलूप आठवलं.

कुलूप म्हणजे पासवर्ड. कंपनीतून जो जो रिटायर झाला, त्याचं खातं मी कधी बंद केलं नाई. कोणी सांगतलं नवतं, आपल्याच मनानं. आमच्या इथं रिटायर माणूस जात नाई. शाल, नारळ घेते आन् दुसऱ्या दिवशी चहाले येते. त्याचं नाव मशीनीतून पुसायचं म्हणजे मले कसंसंच वाटे. आन् म्हाताऱ्यायले नवीन नवीन पासवर्ड ध्यानात राहात नाई. मशीन दर काही महिन्यांनी म्हणते, बदला. अण्णाजी घाबरून जायचे. म्हणून मी काय केलं, साऱ्या रिटायर लोकांयले मशीनच्या त्या नियमातून सूट देऊन टाकली आन् साऱ्यायचा एकच पासवर्ड ठेवला. माह्या गावाचं नाव आन् पुढं एक दोन तीन. सोपं. अण्णाजी म्हणले होते, "तुह्या गावाच्या नावानं माहं दार उघडते, वा." मले तव्हा किती बरं वाटलं होतं. चोराले काय, त्याचं मशीन दिवसरात किल्ल्या लावून पाहात राह्यते. आंजी त्याले कुठी माहीत, पन कधी ना कधी एखादी किल्ली लागतेच. मी खुर्चीवर बसून राह्यलो. एसीची हवा मानेवर येऊन राह्यली होती, आन् मान गरम.

तेवढ्यात समीक्षा आली. हिशेबातली पोट्टी, वडनेरची, बोलाले तेज. "काका, माहे मेल वापस येऊन राह्यले. कोइम्बतूरवाल्याले गाठींचा भाव पाठवला, वापस. पुन्हा पाठवला, वापस. ब्लॉक केलं म्हणून लिवलं हाय. आपण काय केलं त्याचं?" मी म्हणलं, पाहून राह्यलो ना. आता हे कसं होते ते सांगतो. एखाद्या घरचा माणूस चोरी करताना सापडला का सोयरे त्या बंद्या घरालेच उंबऱ्यावरून वापस करते. मेलच्या दुनियेत बी तसंच. वाईट मशीनांयची एक यादी असते, आन् जो तो ती पाहून दार उघडते. अण्णाजींच्या नावापायी आमच्या कंपनीचं घर त्या यादीत गेलतं. समीक्षाचं पत्र, मालकाचं पत्र, वजनकाट्यावरच्या बापूरावचं पत्र, कोणाचंच कोणी घेऊन नवतं राह्यलं.

दुपारी मुकेशभाऊंनी बोलावलं. मोठ्या मालकाचा पोरगा, आता तोच पाहते. माणूस वाईट नाई, पन घाईचा. समीक्षा बाजूले वही धरून उभी. "प्रेमदास, कोइम्बतूरवाला म्हणते भाव आला नाई म्हणून दुसऱ्याकडून माल उचलतो. दोन दिवस थांब म्हणलं तं हसला. हे झालं कशानं?" मी म्हणलं, "भाऊ, एका खात्यातून घाण मेल गेले. त्याच्यानं आपल्याले ब्लॉक केलं." "कोणाच्या खात्यातून?" "अण्णाजींच्या." "घाण म्हणजे?" मी सांगतलं, फोटो, गोळ्या. मुकेशभाऊ माह्याकडे पाहात राह्यले आन् मंग खुर्ची मागं टाकून हसाले लागले. "म्हातारा असा निघाला काय. रोज येऊन काय पाह्यते म्हणलं एवढं." आता इथं, पाह्या, इथं मले बोलाचं होतं. एवढंच वाक्य होतं. भाऊ, अण्णाजींनी काही केलं नाई, कुलूप मी कच्चं लावलं होतं. जिभेवर होतं. पन मुकेशभाऊंच्या टेबलावर नागपूरच्या कोण्या कंपनीचं रंगीत कागद पडलं होतं, त्याच्यावर सर्व्हरचा फोटो, आन् मले माहीत होतं ते लोक दर वर्षी येऊन सांगते का हा नववी नापास माणूस काढा आन् आमच्याकडे द्या. मी त्या कागदाकडे पाह्यलं. आन् मुकेशभाऊ हसून राह्यले होते तं मी बी हसलो. आवाज न करता, नुसते ओठ. तेवढंच. एखादा म्हणन, हसला तं काय झालं, खोटं तं नाई बोलला. पन मी जे बोलायचं होतं ते त्या हसण्याखाली दाबून टाकलं, आन् ते मले कळलं, त्याच क्षणी कळलं. ओठ पुन्हा जागेवर आणता येईनात. "त्याले सांगजो, आता येऊ नको म्हणा," मुकेशभाऊ म्हणले. "खातं बंद कर. आन् लाइन चालू कर लवकर."

तासाभरानं चहाले बाहेर आलो तोवर गोष्ट माह्या पुढं गेलती. हमालांयच्या चहाच्या टपरीवर बापूराव काटेवाला कोणाले तरी सांगून राह्यला होता, "अण्णाजींले आता गाठी बांधता येत नाई म्हणून गोळ्या मागवल्या." सारे हसले. मले पाहून अजून हसले. म्हणे, "काका, तुम्हीच सांगा ना, फोटो कसे होते?" मी चहा न घेता वापस फिरलो. मले वाटलं होतं राग येईन. राग नाई आला. अंगाले काही तरी चिकटल्यासारखं वाटलं, सरकीच्या गोदामात घामावर भुरका चिकटते तसं, किती पुसा, जात नाई. रात्री घरी आंजीले गेलो, जेवलो, बायको म्हणली शेजारच्या कमलाबाईच्या नातवाच्या लग्नाले विहारात जायचं, किती वाजता निघू. मी हो हो म्हणलं. डोक्यात अण्णाजी बसमध्ये. डोक्यात ते चष्मा पुसून राह्यले. त्यायले अजून माहीत नाई, ते उद्याची वाट पाहून राह्यले, डीमन साहेबाचे मेल एकेक वाचाची. आन् मी पडल्या पडल्या हे बी पाह्यलं का माह्या मनाचा एक कोपरा खुश होता, नोकरी वाचली म्हणून. तो कोपरा मी ओळखला आन् तोंडावर पांघरूण घेतलं. गरमीचे दिवस असून बी.

दुसऱ्या दिवशी त्या यादीतून नाव काढाचं काम. यादीवाल्यांयची इंटरनेटवर एक जागा असते, तिथं जाऊन अर्ज करा लागते, इंग्रजीत. ते तीन गोष्टी पुसते. काय झालं, कशानं झालं, काय दुरुस्त केलं. खरं लिवलं तं काढते, गोलमोल लिवलं तं ठेवते. माहं इंग्रजी नाई म्हणून समीक्षाले बोलावलं. मी मराठीत सांगतो, ती इंग्रजी करून टाइप करते. काय झालं ते सांगतलं. मंग दुसरा प्रश्न आला, कशानं झालं. मी तोंड उघडलं, आन् काय आश्चर्य, धडाधडा बोलत गेलो. लिव, म्हणलं, खात्याचा पासवर्ड फार सोपा होता. तो मीच ठेवला होता. साऱ्या जुन्या लोकांयचा एकच होता. मशीन बदला म्हणे, मी बदलू दिला नाई. खातेवाल्याचा काही दोष नाई, दोष सर्व्हर सांभाळणाऱ्याचा. दुनियेच्या कोण्या टोकाले बसलेल्या मशीनले मी हे असं सांगतलं जसं मायले सांगावं. समीक्षाच्या बोटांयचा आवाज बंद पडला. मान माह्याकडे फिरली. "काका," ती म्हणली, हळू, "हे खरं हाय?" "हो." "मंग काल भाऊले काऊन नाई सांगतलं?" मी सर्व्हरकडे पाह्यलं. हिरवे दिवे लुकलुक करून राह्यले होते. ती म्हणली, "मी बी हसली काल. तुम्ही हसले म्हणून हसली. मले वाटलं तुम्हाले माहीत हाय म्हणून हसून राह्यले." ती पडद्याकडे फिरली. "पाठवू?" "पाठव."

संध्याकाळच्या आत आमचं नाव यादीतून निघालं. कोइम्बतूरवाल्याले भाव पोचला. मुकेशभाऊंनी पाठीवर थाप मारली, म्हणले, "नागपूरवाले असते तं आठवडा लावला असता." पाठीवरची ती थाप मी घेऊन फिरलो, उन्हात ठेवलेल्या पत्र्यासारखी. अण्णाजी त्या दिवशी दिसले नवते. गेटवरच्या चंद्रभानले पुसलं तं तो म्हणला, "आलते ना सकाळी. भाऊंनी सांगून ठेवलं होतं ना मले, आत सोडू नको म्हणून. मी सांगतलं तसं. कायले नाई सोडत ते बी सांगतलं." "काय सांगतलं?" "जे बंदे बोलून राह्यले ते." "आन् ते काय म्हणले?" चंद्रभान काठी जमिनीत खुपसत म्हणला, "काही नाई. बरं, म्हणले. गेले."

मी गाडी काढली आन् आंजीले न जाता बोरगाव मेघेले गेलो. दार अण्णाजींच्या सुनेनं उघडलं, छायानं. तिले काहीच माहीत नवतं. "या ना काका, बाबा समोरच बसले. आज सकाळीच लवकर वापस आले, बरं नाई म्हणते." अण्णाजी बाजेवर बसले होते, मांडीवर फळी, फळीवर कागद. मले पाह्यलं तं चटकन कागद पालथा केला, पोरानं करावा तसा. मंग सरळ केला. "बरं झालं तू आला," म्हणले. "तुह्यापाशीच काम होतं." आवाज नेहमीचा नवता, वरवरचा होता. "प्रेमदास, माह्याच हातून काही दबलं असन रे. मले समजत नाई ना त्यातलं. काल ते एवढे आले पाहून मी खुश झालो, पन त्याच्या आधी मी काय काय दाबलं असन देव जाणे. तुले माह्यापायी मुकेशसमोर खाली पाहा लागलं. मी मुकेशले पत्र लिवून राह्यलो. कोइम्बतूरवाल्यायले बी लिवीन म्हणतो, त्या लोकांयशी तीस वर्सांचा पत्रव्यवहार हाय माहा, त्यायच्या घरी गेलं असन तसलं काही तं काय म्हणन ते. माहं खातं तं तू बंद केलं असशीन, तं तुह्या खात्यातून पाठवून देजो." आन् वाचाले लागले. ते जुनं इंग्रजी, वाचणाऱ्याले उभं करणारं. मले अर्थ कळत नवता, चेहरा कळून राह्यला होता. बंदं पत्र मान खाली घालून उभं होतं. मधीच माहं नाव आलं. मी म्हणलं, "हे काय?" ते म्हणले, "तू चांगलं सांभाळून घेतलं, ते लिवलं. हक्क हाय तुहा."

"अण्णाजी," मी म्हणलं, "पासवर्ड मी कच्चा ठेवला होता. तुमच्या हातून काही दबलं नाई. चोर माह्यापायी घुसला." त्यायनं चष्म्यावरून पाह्यलं आन् हसले, कालच्यासारखं नाई, वेगळं, मायेनं. "मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यला तू," म्हणले. "आंजीचा माणूस. मले माहीत हाय तू कसा हाय ते." मी पुन्हा सांगतलं. त्यायनं हातानं माशी हाकलल्यासारखं केलं. तव्हा मले दिसलं का हे असंच राह्यलं तं किती सोपं हाय. मी खरं सांगतलं, ऐकणाऱ्यानं मानलं नाई, माहं काम झालं. गाडी काढाची आन् घरी जायचं. मी खिशातून मोबाइल काढला आन् मुकेशभाऊंले लावला, आवाज मोठा करून बाजेवर ठेवला. "बोल प्रेमदास, लवकर." मी म्हणलं, "भाऊ, तो पासवर्ड मी ठेवलता. साऱ्या रिटायर लोकांयचा एकच. अण्णाजींचा काही दोष नाई. काल तुमच्यासमोर हे सांगाचं होतं. सांगतलं नाई. हसलो." तिकडून पंख्याचा आवाज येत राह्यला. मंग मुकेशभाऊ म्हणले, "काल माहीत होतं तुले?" "हो भाऊ." "बरं. उद्या सकाळी कॅबिनात ये. बोलू." फोन बंद झाला.

मी मान वर केली. अण्णाजी मोबाइलकडे पाहून राह्यले होते, बंद झाला तरी. त्यांचा चेहरा मोकळा होईन असं मले वाटलं होतं. आता लाज वाटते, पन वाटलं होतं खरं. तो मोकळा नाई झाला. पह्यले मले वाटलं त्यायले समजलं नाई, मंग दिसलं का हळूहळू समजून राह्यलं हाय, एकेक गोष्ट, जसं ते पत्र वाचायचे, स्वल्पविरामाशी थांबत. "हसला?" म्हणले. मी म्हणलं, "हो." "मुकेश हसला म्हणून?" "हो." त्यायनं फळीवरचा कागद उचलला, घडी केली, पुन्हा घडी केली, आन् उठले. बाजेचा करकर आवाज झाला. अंदरच्या खोलीत गेले. दार नाई लावलं, परदा ओढला फक्त.

मी उठणार तेवढ्यात छाया पाण्याचा तांब्या घेऊन आली. "काका, जेवूनच जा बरं. झालंच हाय. बाबांयनी सकाळीच म्हणलं होतं, प्रेमदास आला तं जेवूनच जाईन." नाई म्हणाले मले तोंड नवतं. या घरी मी किती तरी खेपा चहा प्यालो, ताटावर बसाची पह्यलीच खेप. तिनं दोन ताटं मांडली, समोरासमोर, दोन पाट. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, भात, पोळ्या, मिरचीचा ठेचा. "बाबा, या ना," तिनं आवाज दिला. अंदरून म्हणले, "त्याले वाढ." तिनं एकदा परद्याकडे, एकदा माह्याकडे पाह्यलं आन् वाढत राह्यली. समोरच्या ताटातला भात थंड होऊन वर साय धरल्यासारखा दिसाले लागला. तिनं पुसलं, "भाजी जमली नाई काय काका?" मी म्हणलं, "फर्स्टक्लास झाली." तिच्यासमोर ताटात टाकून उठता येत नवतं. मी जेवलो. तिनं पुन्हा वाढलं, पुन्हा जेवलो. परद्याच्या मागून त्यांचा खाकरल्याचा आवाज आला, एकदा. मी ताट पुसून खाल्लं.